प्रो बोनोची वरठीण

माईक माझ्या हातात देऊन वकीलसाहेब म्हणाले, "बोल."

पांढुर्ण्याचा हॉल होता. मध्य प्रदेशातला नवा जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्यात सत्कार वाढले आहेत. हार विकणाऱ्यांना विचारा. त्या दिवशी सत्कार आमच्या सौसरच्या वकीलसाहेबांचा होता, गरिबांची सेवा केली म्हणून. गरीब दाखवायला कोणीतरी हवं होतं. मला जीपच्या मागच्या सीटवर बसवून आणलं. मांडीवर साहेबांचा काळा कोट. चुरगळू नये म्हणून तो त्यांनी अंगात घातला नव्हता. हॉलच्या दारात मी कोट धरला, त्यांनी बाह्यांत हात घातले, आणि आम्ही आत गेलो. ते पुढं, मी मागं.

स्टेजवर पाच खुर्च्या, पाच माणसं. सहावी मी, उभी.

"ये हमारी वरठीण है, धोबन," साहेब हिंदीत म्हणाले. पुढच्या रांगेत बाहेरून बदलून आलेले अधिकारी होते, त्यांना मराठी येत नव्हतं. "विधवा है. ग्यारह साल से इसका केस लड़ रहा हूँ. फीस का नाम नहीं लिया. बोल बाई, इसको क्या कहते हैं?"

मला माहीत नव्हतं. साहेब माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या कॉलरला मीच घातलेल्या खळीचा वास माझ्याच नाकात आला.

"प्रो बोनो. म्हण."

"परो बोनो," मी माईकमध्ये म्हणाले.

हॉल हसला. साहेबांना तो हशा आवडला. "फिर से," ते म्हणाले. मी पुन्हा म्हणाले. पुन्हा हशा. तिसऱ्यांदा फोटोवाल्यानं मला हात जोडायला सांगितलं, मी जोडले, आणि मीही हसले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. अख्खा हॉल मला हसत होता आणि मी त्यांच्यात सामील होऊन स्वतःलाच हसले.

परतीच्या वाटेवर साहेबांनी मला नारळ दिला. शालही दिली.

"नारळ तुला," ते म्हणाले. "शालीवर कुंकू सांडलंय. उद्या धुऊन आण."

आता थोडं मागं जाते.

सौसरला कोर्टाच्या रस्त्यावर आमचं इस्त्रीचं दुकान आहे. टिनाचं छप्पर, पुढं फळी, आत एक टेबल, टेबलावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर. बस. राजवाडा नाही. पण ते सासऱ्यांनी उभं केलं आणि का उभं केलं ते सांगितल्याशिवाय माझं पुढचं कळणार नाही.

सासरे आधी गावात होते. गावचे वरठी. वर्षभर सगळ्या गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. जो जे देईल ते पदरात घ्यायचं. लग्न असलं की पायघड्या. नवरदेव मांडवात येतो तेव्हा वरठी त्याच्या पायापुढं धुतलेलं कापड अंथरतो. नवरदेव पाऊल टाकतो. वरठी वाकून मागचं कापड उचलतो, पळत पुढं येतो, पुन्हा अंथरतो. असं वेशीपासून मांडवापर्यंत. एका लग्नात एका नवरदेवानं थांबून, खाली पाहून, सासऱ्यांच्या हातावर पाय दिला. मित्रांना हसवायला. सासऱ्यांनी हात ओढला नाही, कारण वाजंत्री चालू होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड उचललं आणि सौसर गाठलं.

म्हातारपणी ते फळीवर बसून मला म्हणायचे, "गावात आपण कोणाचे तरी होतो. अठी सौसरात आपण कोणाचेच नाही. लय बरं वाटते, माय."

ते गेले. मग माझा नवराही गेला. तेरवी झाली आणि माझ्या दिरानं, तो पांढुर्ण्याला असतो, दुकानावर दावा लावला. जागा बापाची, बापाचा जिता मुलगा मी एकटा, वहिनीचा काय संबंध. दावा लावायच्या आठ दिवस आधी त्यानं दुकानाची वीज कापून घेतली. मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं. अर्ज द्यायला तो मोकळा होता.

मी वकीलसाहेबांकडे गेले. त्यांचे कोट आमच्याकडेच येत. मी रडले. ते म्हणाले, "फीचं नाव काढू नको. इथं सही कर." मी त्यांच्या पाया पडले.

चार दिवसांनी त्यांच्या घरून एक गाठोडं आलं. नुसते कोट नव्हते त्यात. चादरी, पडदे, मोठ्या बाईंच्या साड्या, मुलींचे ड्रेस. मोठ्या बाई म्हणजे साहेबांची बायको. सोबत निरोप काही नाही. कोणी काही ठरवलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. गाठोडं आलं, मी गाठ सोडली. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं. अकरा वर्षं येत राहिलं.

केसचं सांगते. पहिल्या महिन्यातच साहेब कोर्टातून बाहेर आले, कोटाचं बटण सोडलं आणि म्हणाले, "जा. स्टेटस को मिळाला."

मिळाला म्हणाले ना. मी काय समजणार? मी त्याच दिवशी जामसांवलीला गेले, मारुतीपुढं नारळ फोडला, शेजारच्या चार दुकानांत प्रसाद वाटला. चहावाल्यानं विचारलं, "काय भेटलं वं वहिनी?" मी म्हटलं, "स्टेटस को भेटला, भाऊ." तो म्हणाला, "वा. आता सुटली तू."

दुसऱ्या दिवशी वीज जोडायला गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, कोर्टाची ऑर्डर आहे, दुकानात काही बदल करता येणार नाही. मी धावत साहेबांकडे गेले.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "जे जसं आहे ते तसंच राहील."

"पण साहेब, वीज नाही आहे."

"मग नाही राहील."

चेंबरमध्ये बसलेले दोन ज्युनिअर हसले. साहेबही हसले. खरं सांगायचं तर विनोद चांगला होता. मी आज सांगते तेव्हा लोक अजून हसतात.

छपराला भोक होतं, म्हणून भोक राहिलं. वीज नव्हती, म्हणून वीज राहिली नाही. सगळ्या सौसरमध्ये विजेच्या इस्त्र्या झाल्या, वाफेच्या झाल्या. मी कोळशाच्या इस्त्रीवर. पुठ्ठ्यानं वारा घालायचा, राख उडाली की पांढऱ्या शर्टावरून जीव टाकून फुंकायची. पावसाळ्यात भोकाखाली बादली आणि बादलीला धक्का लागू नये असं वाकून काम. उजव्या मनगटावर चटक्यांच्या इतक्या खुणा आहेत की पोलीस ओळखीची खूण विचारतील तेव्हा मला कोणती सांगू असा प्रश्न पडेल.

दुकान सोडता येत नव्हतं. सोडलं की दिराचं. सुधारता येत नव्हतं. सुधारलं की कोर्टाचा अवमान. साहेबांना सोडता येत नव्हतं. फुकटचा वकील कोण सोडतो? आणि फुकटच्या वकिलाला तारीख कधीची ते विचारताही येत नव्हतं. एकदा विचारलं. "जामसांवलीला जा, मारुतीला विचार," ते म्हणाले. "त्याला तू नारळ देतेस."

साहेबांचे ते शब्द मला अर्थानं नाही, अंगानं माहीत होते. प्रायमा फेसी म्हणताना त्यांचा चष्मा कपाळावर जायचा. एक्स पार्टे म्हटलं की टेबलावर थाप. साइने डाय म्हणताना दोन्ही हात पसरायचे, जसा देवळातला पुजारी प्रसाद संपला म्हणून सांगतो. पक्षकार हात जोडून ऐकायचे. शेतातून आलेली, उन्हानं रापलेली धडधाकट माणसं, दुष्काळाला न भिणारी, दोन शब्दांनी लहान होऊन जायची. मराठी आमची घरची, हिंदी कचेरीची, इंग्रजी त्याच्यावर, आणि इंग्रजीच्याही माळ्यावर हे काहीतरी ठेवलेलं. शिडी फक्त साहेबांकडे.

तर सत्काराचा फोटो पेपरात आला. मी हात जोडून, तोंड उघडं. दोन दिवसांनी लोधीखेड्याच्या मॅडम आल्या. इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या सुती साड्यांना खळ लागते आणि ती माझ्याच हातची लागते.

"फोटो पाहिला गं तुझा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, परो बोनो म्हणजे काय असते?"

त्यांनी चष्मा काढला. "लोकांच्या भल्यासाठी. वकील पक्षकाराकडून काही न घेता काम करतो, त्याला म्हणतात."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

टेबलाखाली साहेबांचं गाठोडं होतं. मी पायानं ते पुढं सरकवलं. मॅडमनी पाहिलं. मोठ्या बाईंचा पडदा वरच होता.

"हे कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. मग हळू म्हणाल्या, "याला क्विड प्रो क्वो म्हणतात. हे घे, ते दे. आणि तुझ्या बाबतीत तर नुसतं दे आहे, घे कुठंच दिसत नाही."

"ही कोणती भाषा हो?"

"लॅटिन. मेलेली भाषा आहे. कोणाच्या घरात बोलत नाहीत."

"मंग कोर्टात काऊन बोलतात?"

"कोणाच्या घरात बोलत नाहीत म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

माझे सासरे ज्या गोष्टीतून बिऱ्हाड पाठीवर घेऊन पळाले होते, तीच गोष्ट मी अकरा वर्षं करत होते. आणि त्यांना तर सुगीला धान्य मिळायचं. मला तारीख मिळायची. फक्त आता त्या गोष्टीला चांगलं नाव होतं आणि त्या नावाला लोक हार घालत होते.

मी मॅडमशी सौदा केला. एक साडी, एक शब्द. त्यांना मजा वाटली, मला तर वेडच लागलं. प्रायमा फेसी म्हणजे वरवर पाहता. साइने डाय म्हणजे पुढचा दिवस न ठरवता. एक्स पार्टे म्हणजे एकाच बाजूचं ऐकून. बोना फाइडे म्हणजे खऱ्या मनानं. दुकानाच्या पायरीवर एक बकरी येऊन बसायची आणि कितीही हाकललं तरी हलायची नाही. तिचं नाव मी स्टेटस को ठेवलं. गिऱ्हाईक शर्ट घेऊन आलं की मी उजेडात धरून म्हणायची, "प्रायमा फेसी तेलाचा डाग आहे, भाऊ." चहावाला म्हणाला, "वहिनी, तुले बाधा झाली काय वं?"

गंमत सांगू? एकही शब्द असा निघाला नाही जो मला आधीपासून माहीत नव्हता. दिवस न ठरवता थांबवून ठेवणं, एकाच बाजूचं ऐकणं, जे आहे ते हलू न देणं. हे मी सगळं जगून बसले होते. फक्त नावं कोणी सांगितली नव्हती.

पण नावं कळून वीज येत नाही. गाठोडं येतच होतं. उलट आता जड लागत होतं. आधी मी ते उपकार समजून उचलायची. आता मला कळत होतं काय उचलतेय, आणि तरी उचलत होते. दिवसा बकरीला हाका मारायची, गिऱ्हाइकांना हसवायची, आणि गाठोडं सोडताना मान खाली.

मग साहेबांच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं.

मला घरी बोलावलं. चेंबरमध्ये साहेब, मोठ्या बाई आणि नागपूरचा एक इव्हेंटवाला. त्याच्या हातात लॅपटॉप. दाराशी त्या आठवड्याचं गाठोडं बांधून ठेवलेलं.

"ट्रॅडिशनल एंट्री आहे," इव्हेंटवाला म्हणाला. "नवरदेवापुढे पायघड्या. वरून ड्रोन."

मोठ्या बाई मला म्हणाल्या, "नऊवारी नेस. आम्ही देऊ नेसायला. मग धुऊन परत कर. आणि चेहरा जरा हसरा ठेव, फोटोत पडलेला दिसतो तुझा."

मी म्हणाले, "पायघड्या मी नाही टाकणार, बाई."

"लाजतेस काय? तुमचा मान आहे तो."

"मान आहे तर तुम्ही घ्या."

इव्हेंटवाल्यानं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. मला वाटलं आता प्रायमा फेसी येईल. पण ते शांतपणे म्हणाले, "अकरा वर्षं तुझी केस लढतोय मी. प्रो बोनो. स्टेजवर तूच म्हणालीस ना?"

"म्हणाली, साहेब. तेव्हा मले अर्थ माहीत नव्हता. प्रो बोनो म्हणजे काही न घेता. अकरा वर्षं तुमच्या घरचे पडदेही मी धुऊन राहिली. त्याले प्रो बोनो नाही म्हणत. क्विड प्रो क्वो म्हणतात."

उच्चार चोख होता. मॅडमनी घोटून घेतला होता.

इव्हेंटवाला हसला; त्याला वाटलं घरगुती थट्टा चालू आहे. साहेब हसले नाहीत. ते म्हणू शकले असते की हे खोटं आहे. म्हणू शकले असते की पडदे तू आपल्या खुशीनं धुतले. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"कोणं शिकवलं तुले?"

तुले म्हणाले. त्या एका वाक्यात साहेबांची इंग्रजी गेली, हिंदी गेली, पुस्तकातली मराठी गेली. खाली आमचीच बोली निघाली. आणि त्यांना राग मी नाही म्हटल्याचा आला नव्हता. मला शब्द माहीत असल्याचा आला होता.

"अकरा वर्षं ऐकून राहिली, साहेब," मी म्हणाले.

"मग तुझी केस तूच लढ."

नाटकात अशा वेळी नायिका ताठ उभी राहते. मी दाराची चौकट धरली.

"लढीन. माझे कागद द्या."

"देऊ. बघू."

"कधी? साइने डाय?"

हे मी बोलायला नको होतं असं नंतर बरेच लोक म्हणाले. तोंडातून निघून गेलं. खरं सांगते, तेवढ्या भीतीतही मला गुदगुल्या झाल्या. मी वळले.

"गाठोडं राहिलं तुझं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझं नाही, बाई. तुमचं आहे."

त्याच्यानंतर जे झालं त्यात हसण्यासारखं फार नाही. आठ दिवसांत कोर्टातले सगळे कोट माझ्याकडे यायचे बंद झाले. ज्या वकिलाकडे गेले त्यानं आधी विचारलं, "त्यांची ना हरकत आणली का?" साहेब ती देत नव्हते. दिरानं पांढुर्ण्याहून निरोप पाठवला: वहिनीले सांगा, आता वकीलही गेला, चाबी देऊन टाक. मॅडम आल्या, उभ्याउभ्याच बोलल्या.

"माझं नाव घेतलंस का?"

"नाही, मॅडम."

"बरं केलंस गं. माझ्या जावयाची केस त्यांच्याकडेच आहे." त्यांनी आपल्या साड्या उचलल्या. पुन्हा आल्या नाहीत. मला त्यांचा राग नाही. पण त्या दिवशी दुकानात बसून मी पहिल्यांदा मोजलं की माझ्या बाजूनं कोण उरलं. बकरी धरली तर दोघी.

मी कागद घेतला आणि हिंदीत अर्ज लिहिला. चार वेळा फाडला. पाचव्यांदा लिहिला: मी माझा वकील काढते, माझी केस मी स्वतः मांडीन, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत मला वीज जोडू द्यावी, कारण अंधार हा कोणाच्याच हक्काचा पुरावा नाही. ते शेवटचं वाक्य कोर्टाच्या बाबूनं दोनदा वाचलं. "ये किसने लिखा?" तो म्हणाला. जिथं जावं तिथं हाच प्रश्न.

"मैंने."

पुकारा झाला तेव्हा मी एकटी पुढं गेले. बाजूच्या बाकावर वकिलांची रांग, त्यात आमचे साहेब. दिराचे वकील पलीकडे. दीर दारात.

"आपके वकील?" जजसाहेबांनी विचारलं.

"पहले थे, साहब. अब मैं हूँ."

"पढ़ी-लिखी हैं?"

"दसवीं."

"कानून की बातें हैं. समझना मुश्किल होगा."

"ग्यारह साल किसी ने समझाया नहीं, साहब. मुश्किल है कि नहीं, अभी पता नहीं."

बाकावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज वाचला, फाइलवर काही लिहिलं. मग दिराचे वकील उठले आणि इंग्रजीत बोलू लागले. भराभर. मधे एक शब्द आला जो मॅडमनी मला शिकवला नव्हता. जजसाहेबांनी मान हलवली. बाकानंही मान हलवली. मला कळलं की माझ्याबद्दल काहीतरी ठरतंय आणि ते माझ्या डोक्यावरून जातंय, पुन्हा.

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"साहब, ये जो अभी बोले, इसका मतलब क्या है?"

दिराचे वकील म्हणाले, "बाई, बाद में."

"अभी," मी म्हणाले.

साहेबांनी बाकावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसले नाही. जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग दिराच्या वकिलांना म्हणाले, "हिंदी में बताइए इनको." त्यांना शब्द सापडेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडकले. शेवटी जे सांगितलं ते एवढंच होतं, की माझा अर्ज ऐकूच नये.

अर्ज ऐकायला पुढची तारीख पडली आहे. वीज अजून नाही. दुकान जाऊ शकतं, हे मला माहीत आहे. कायदा दिराच्या बाजूनं निघाला तर मी फळी उचलून रस्त्यावर बसेन आणि तिथं इस्त्री करीन. पण माझ्याबद्दल, माझ्या समोर, मला न कळणाऱ्या भाषेत आता कोणी बोलला तर मी त्याला मधेच थांबवीन. जज असो, वकील असो, स्टेजवरचा पाहुणा असो. अर्थ सांगा म्हणेन. आणि तो सांगेपर्यंत त्याला पुढच्या वाक्यावर जाऊ देणार नाही.